हसण्याचे उच्चार, अडण्याचे उच्चार

इंग्रजीचे उच्चार शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे लग्नाकार्यात कुणाला सांगायचं मी शक्यतो टाळते. सांगितलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर समोरचा माणूस सावध होतो आणि पंगत उठेपर्यंत एकही इंग्रजी शब्द तोंडातून काढत नाही. नाहीतर माझी परीक्षाच घ्यायला बसतो. “डेंगी की डेंग्यू?” “बुके की बोके?” “शेड्यूल की स्केज्यूल?” उत्तरं मी देते. डेंगी. दोन्ही चालतात. एक ब्रिटिशांचं, दुसरं अमेरिकनांचं. पण ज्या शब्दांपायी माझ्या विद्यार्थ्यांचं काम खरोखर अडलं, कुणाची नोकरी टांगणीला लागली, त्यातला एकही शब्द मला आजवर मांडवात कुणी विचारलेला नाही.

मी मूळची तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. आमच्या पिढीला एबीसीडी भेटली पाचवीत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आमचं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, खिशात मावणारा कोश आणि त्या कोशात देवनागरीत छापलेले उच्चार, एवढी सामग्री. इंग्रजी कानावर पडायचं ते रेडिओवरच्या बातम्यांत आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीत. व्याकरण मात्र पक्कं. पॅसिव्ह व्हॉइस झोपेतून उठवून विचारला तरी सांगू.

2003च्या आसपास पुण्यात कॉल सेंटरांचं पेव फुटलं होतं. मुलाखतीला गेलेल्या प्रत्येकाला इंग्रजी येत होतं आणि फोनवर ते कुणाला कळत नव्हतं. त्यातून एक नवा पेशा निघाला, ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर’. मी कॉलेज सोडून तिकडे गेले. आमची प्रोसेस ब्रिटनची, विम्याची. शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. बॅचमध्ये लातूर, जळगाव, सोलापूरकडची मुलं आणि पुण्यातल्या कॉन्व्हेंटची मुलं शेजारी शेजारी बसलेली. पहिल्या दिवशी हातात एक जाड यादी पडली, नेहमी चुकणाऱ्या शब्दांची. रिसीटमधला ‘पी’ म्हणायचा नाही. सटलमधला ‘बी’ म्हणायचा नाही. आमंडमधला ‘एल’ गिळायचा. डिटर्माइन नाही, डिटर्मिन. ओव्हन नाही, अव्हन. स्टोमॅक नाही, स्टमक. मॉर्टगेज नाही, मॉर्गेज. मुलांनी यादी पाठ केली. पाठांतरात आपला हात कोण धरणार!

मग मुलं फ्लोअरवर गेली आणि आम्ही ट्रेनर कॉल बार्ज करायला बसलो. म्हणजे चालू कॉल दुसऱ्या हेडसेटवर ऐकायचा. मधे बोलायचं नाही, टिपणं काढायची.

लातूरकडची एक मुलगी होती. वाचन चांगलं, वाक्यरचना माझ्यापेक्षा सफाईदार. ती एका म्हाताऱ्या बाईंना पॉलिसी समजावून सांगत होती. “इन द ईव्हेंट ऑफ अ क्लेम...” बाई म्हणाल्या, “ईव्हनिंग?” मुलीने पुन्हा सांगितलं. बाईंनी विचारलं, क्लेम संध्याकाळीच करायचा असतो का? मुलीने आवाज चढवला. समोरच्याला कळलं नाही की आपण आवाज चढवतो, जशी काही समोरच्याच्या कानातच खोट आहे. तिसऱ्यांदा “ईव्हेंट” झालं, बाई चिडल्या आणि त्यांनी मॅनेजर मागितला. तिच्या तोंडून यादीतला एकही शब्द चुकला नव्हता. चुकलं होतं ते एवढंच की ‘इव्हेंट’चं वजन ‘व्हेंट’वर असतं आणि तिने ते ‘इ’वर टाकलं होतं.

त्या आठवड्यात मी यादी बाजूला ठेवली आणि कॉल जिथे जिथे अडत होता ती ठिकाणं तेवढी वहीत लिहायला लागले. वही भरत गेली तसं चित्र अगदी वेगळं दिसायला लागलं. ‘डेब्ट’ म्हटलं तरी गिऱ्हाईक ‘डेट’ समजून घेत होतं. ‘रिसिप्ट’ म्हटलं तर फार तर पलीकडे कुणी हसत होतं, पण पावती कसली ते कळत होतं. कॉल अडत होता तो ‘हॉटेल’वर, ‘कमिटी’वर, ‘डेव्हलप’वर. हे शब्द कुणाच्याच यादीत नव्हते, कारण ते चुकतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या चुकीवर आपण हसतो ती एक आणि ज्या चुकीने काम अडतं ती दुसरी, हे मी त्या वहीतून शिकले. एम.ए.ला भाषाविज्ञानाचा पेपर होता तरी त्यातून नाही.

आघाताचं हे प्रकरण आपल्याला पटायला कठीण जातं, कारण मराठी प्रत्येक अक्षराला त्याचं माप देते. इंग्रजी तसं करत नाही. शब्दातल्या एका तुकड्यावर सगळं वजन टाकते, तो लांबवते, वर चढवते आणि बाकीचे तुकडे अर्धवट तोंडात ठेवते. ‘बनाना’त खरा ‘आ’ मधला एकच, आगेमागे दोन पुसट ‘अ’. ऐकणारा शब्द पकडतो तो त्या जड तुकड्यावरून. जड तुकडा चुकीच्या जागी आला की तो दुसराच शब्द शोधायला लागतो. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशने 1969 साली आर. के. बन्सल यांचा भारतीयांच्या इंग्रजीच्या सुगमतेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. भारतीयांचं बोलणं इंग्रजांना कुठे कळत नाही याची पाहणी त्यात होती आणि शब्दातला आघात चुकणं हे त्यात एक मोठं कारण निघालं होतं. मी वही भरली त्याच्या कितीतरी आधी हे कुणीतरी सांगून ठेवलं होतं. कंपनीच्या जाड यादीपर्यंत ते पोहोचलं नव्हतं, एवढंच.

शिकवायला मी रबर बँड आणले. साधे, भाजीवाल्याच्या जुडीला असतात तसले. दोन्ही अंगठ्यांत अडकवायचा आणि शब्द म्हणताना जड तुकड्यावर ताणायचा, बाकी ठिकाणी सैल सोडायचा. ‘फोटोग्राफ’ला पहिल्या तुकड्यावर ताण. ‘फोटोग्राफर’ला दुसऱ्यावर, ‘फ-टॉऽ-ग्र-फर’. ‘फोटोग्राफिक’ला तिसऱ्यावर. एकाच मुळाचे तीन शब्द आणि ताण सरकतोय पुढे पुढे. वीस-पंचवीस जण हातात रबर घेऊन एकदम ताणतायत हे दृश्य काचेबाहेरून बघणाऱ्या मॅनेजरला वेडेपणाचं वाटायचं. पण हाताला कळलं की तोंडाला कळतं. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर ताण आधी, क्रियापद असेल तर नंतर. ‘प्रेझेंट’ तसंच, ‘ऑब्जेक्ट’ तसंच. हा नियम फळ्यावर लिहून कुणाच्याही डोक्यात शिरला नाही. रबराने दोन दिवसांत शिरला.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चं दुखणंही हेच. इंग्रज ‘फिफ्टीन’मध्ये वजन ‘टीन’वर ठेवतो, ‘फिफ्टी’मध्ये ‘फिफ’वर. आपण दोन्ही सारखेच म्हणतो, मग फरक राहतो तो शेवटच्या ‘न’पुरता आणि फोनच्या खरखरीत तो ‘न’ हमखास जातो. पंधरा पाउंडांचा हप्ता पन्नास ऐकू आला की माणूस जे बोलतो, ते इंग्रजी मात्र आमच्या मुलांना पहिल्या फटक्यात कळायचं.

दुसरं दुखणं ‘पी’चं. पॉलिसी नंबरातला ‘पी’ पलीकडे ‘बी’ ऐकू जायचा. आपला ‘प’ तोंडातून वारा न सोडता निघतो. इंग्रजाचा शब्दारंभीचा ‘प’ फुंकर मारत येतो आणि फुंकर ऐकू आली नाही की त्याचा कान ‘ब’ धरतो. ‘ट’ आणि ‘क’ची तीच गत. मी टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापून आणल्या आणि प्रत्येकाला ओठांसमोर धरायला सांगितल्या. “पेपर” म्हणा. वर्गभर एकही पट्टी हलली नाही. “खॅन आय हेल्प यू म्हणा,” म्हटलं, “ख म्हणा खुशाल.” पट्ट्या हलल्या. ‘टाइम’ला ‘ठाइम’. मुलं हसून बेजार. ‘प’ला मात्र ही युक्ती चालेना, कारण आजकाल आपला ‘फ’ फुंकरीचा उरलेलाच नाही, दात ओठाला लागून घासत येतो. मग मी म्हटलं, आजी ‘फणस’ कसं म्हणते ते आठवा, दोन्ही ओठ मिटून. ज्यांच्या घरी जुनं माणूस होतं त्यांना आठवलं. कोकणातल्या एका मुलाने डोळे मिटून आजीचा ‘फणस’ म्हटला आणि पट्टी फडफडली.

‘व’चं दुखणं तर आपल्या लिपीनेच झाकून ठेवलंय. ‘व्हॅन’ला आपण ‘व्ह’ लिहितो, ‘वॉटर’ला ‘व’. कागदावर फरक चोख. तोंडात मात्र ‘व्ह’ म्हणजे ‘व’ला ‘ह’ चिकटवलेला. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घासायचे असतात. ‘डब्ल्यू’साठी दातांचं काम नाही, ‘ऊ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करायचे आणि उघडायचे. ‘वेस्ट’ म्हणजे जवळजवळ ‘ऊएस्ट’. आपला ‘व’ या दोघांच्या मधोमध बसतो, इंग्रजाला कधी हा वाटतो, कधी तो. ट्रेनिंग रूममध्ये मी हातआरसे ठेवले. मुलांना आधी लाज वाटली, मग सवय झाली, आणि मग नवंच सुरू झालं. ओठ गोल करायची इतकी सवय लागली की ‘व्हेरी’, ‘व्हिलेज’, ‘व्हॅल्यू’ सगळ्यांनाच गोल ओठ. एकदा घडी मोडली की ती बरोबर जागी बसेपर्यंत महिना जातो. नव्या ट्रेनरला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो घाबरतो.

हे सगळं एकीकडे चाललं असताना कँटीनमध्ये निराळाच वर्ग भरायचा. खानदेशाकडचा एक मुलगा होता, हुशार आणि तोंडाचा फटकळ. कुणी ‘रिसिप्ट’ म्हटलं, कुणी ‘क्यू’ची ‘क्युयु’ केली की तो ते दिवसभर सगळ्यांना करून दाखवायचा. एका मुलीने त्याच्या धास्तीने टेबलावर इंग्रजी बोलणंच सोडलं. पुढे एकदा कॅबची वाट बघताना त्यानेच सांगितलं, पुण्यात कॉलेजला आला तेव्हा त्याच्या ‘आनि-पानी’वर वर्गात हशा व्हायचा आणि हॉस्टेलच्या खोलीत तो एकटा ‘पाणी, पाणी’ घोकायचा. हे सांगताना त्याला दोन्हींतला धागा दिसत नव्हता. मी दाखवायच्या भानगडीत पडले नाही, पण पुढच्या बॅचपासून एक नियम केला की उच्चार सुधारायचा तो ट्रेनरने, टेबलावर नाही. शॉचं ‘पिग्मॅलिअन’ पु. ल. देशपांड्यांनी 1975 साली ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं आणि ते इथलंच वाटलं, त्याचं कारण मला त्या कँटीनमध्ये नीट कळलं. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांच्यावर माणसाची पायरी ठरवायचा उद्योग आपण इंग्रजांकडून शिकलो नव्हतो. तो आपला घरचाच होता.

‘डेब्ट’ची गंमत वेगळी. वसुलीच्या प्रोसेसला एक बॅच होती, त्यांच्या तोंडी दिवसातून शंभरदा हाच शब्द. क्वालिटीवाले त्याला मार्क कापायचे. मुलांनी विचारलं, म्हणायचा नाही तर ‘बी’ लिहिला कशाला? मी सांगितलं की तो आधी नव्हताच. फ्रेंचमधून आला तेव्हा शब्द ‘डेट’च होता आणि स्पेलिंगही तसंच. पुढे विद्वानांना वाटलं, याचं मूळ लॅटिन ‘डेबिटुम’, तर ते स्पेलिंगमध्ये दिसलं पाहिजे. म्हणून ‘बी’ घातला. ‘डाउट’मध्येही तसाच. ‘आयलंड’चा तर लॅटिन ‘इन्सुला’शी संबंधसुद्धा नाही, शुद्ध इंग्रजी शब्द, उगीच ‘एस’ चिकटला. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “म्हणजे मॅडम, चूक त्यांनी घातली आणि मार्क आमचे कापतात?” याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

अशा वेळी कुणीतरी ठरलेलं वाक्य म्हणतंच, की इंग्रजी ही वेडी भाषा, आपली मराठी कशी लिहितो तशी बोलतो. एका बॅचमध्ये हे वाक्य झालं तेव्हा पाटण्याहून आलेली एक मुलगी बसली होती. पुण्यात राहायचं म्हणून मराठी शिकत होती. तिने हळूच हात वर केला. “मॅडम, वो चार और चारा में च अलग क्यों है?” वर्ग गप्प. मी खडू तिच्याच हातात दिला. तिने वहीत बघून फळ्यावर लिहायला सुरुवात केली. ‘चार’ आणि ‘चारा’. ‘जात’, म्हणजे माणसाची जात, आणि ‘जात’, म्हणजे मी जात आहे. लिहायला एक, म्हणायला दोन. ‘सिंह’ लिहितात आणि ‘सिंव्ह’ म्हणतात. ‘ज्ञान’चं ‘द्न्यान’. ‘सरबत’मधल्या ‘र’चा ‘अ’ कुठे जातो? घरमालकीणबाई तिच्या ‘चाक’ला हसतात, कारण ती ‘चाक’चा ‘च’ ‘चार’सारखा म्हणते. आणि कोणता ‘च’ कुठे ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. वर्गातल्या मराठी मुलांनी मग चढाओढीने तिला ‘चमचा’ शिकवला. त्या दिवशी इंग्रजीचा तास झालाच नाही, आणि त्या बॅचला पुढे स्पेलिंगचा राग आला नाही.

मला त्या दिवसापासून स्पेलिंगचा इतिहास सांगायला धीर आला. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठायला लागली. नेमके तेव्हाच उच्चार मात्र सरकत होते. ‘नाइट’ या सरदारवाचक शब्दाचे ‘के’ आणि ‘जीएच’ एकेकाळी खरोखर उच्चारले जायचे. आणि ‘नेम’? तो पूर्वी जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखा म्हणत. दोन्ही शब्द एकाच घरातले. स्पेलिंग बघा, ‘एन ए एम ई’, अजून ‘नामे’च वाचता येतं. ‘नामे’ वाचणारा आमच्या गावाकडचा पाचवीतला मुलगा सहाशे वर्षं उशिरा जन्मला, एवढाच त्याचा गुन्हा.

गावांच्या नावांची वेगळी यादी करावी लागली, ती मात्र उपयोगी ठरली. लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, एडिंबरा, ग्रेनिच. स्पेलिंग बघून यांतलं एकही बरोबर वाचता येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव चुकलं की पुढचं सगळं बोलणं वाकड्यात शिरतं. खडकीचं ‘कर्की’ आणि भायखळ्याचं ‘बायकला’ करून ठेवणाऱ्यांना आपण काय बोलणार, असं एक जण म्हणायचा. पाठ मात्र करायचा.

मधली काही वर्षं वाईट गेली. कुठल्या कंपनीला ‘न्यूट्रल’ ॲक्सेंट हवा, कुठल्या कंपनीला गिऱ्हाइकाच्या देशासारखा हवा. मुलांना टोपणनावं दिली जायची. ज्ञानेश्वर रात्री माइक व्हायचा. यात फसवणूक किती आणि सोय किती याचा मी पुष्कळ विचार केला. आज माझं मत स्पष्ट आहे, ते करायला नको होतं. दुसऱ्याच्या गळ्याची नक्कल करणारा मुलगा कॉल कठीण झाला की नक्कल सांभाळायची की गिऱ्हाईक, या ओढाताणीत सापडतो आणि दोन्ही सुटतात. स्वतःच्या आवाजात, सावकाश, आघात जागेवर ठेवून बोलणाऱ्याचे कॉल चांगले जायचे.

कंपनी सोडल्यावर मी घरी वर्ग घ्यायला लागले. आता निम्म्याहून जास्त विद्यार्थिनी नर्सेस आहेत, मिरज-सांगलीकडच्या बऱ्याच. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट 2017 पासून तिथे चालते. त्यात पेशंटशी संवाद करून दाखवायचा असतो. या मुलींच्या बाबतीत मात्र हसण्याची चूक आणि अडण्याची चूक एकाच शब्दात येऊन बसलेली मला पहिल्यांदा सापडली. आपण सगळे वाडग्याला ‘बाऊल’ म्हणतो. हॉटेलात, टीव्हीवरच्या पाककृतीत, सगळीकडे. त्याचा उच्चार ‘बोल’. आणि ‘बाऊल’ असा दुसरा इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ आतडं. एरवी कुणाचं बिघडत नाही. पण सर्जरीच्या वॉर्डात नर्स म्हणाली की पेशंटचा बाऊल रिकामा आहे, तर ऐकणारा चार्टवर काय लिहील? तसाच ‘वाउंड’. जखम म्हणजे ‘वूंड’. ‘वाउंड’ म्हणजे गुंडाळलेलं. ड्रेसिंगबद्दल बोलताना दोन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात.

औषधाच्या मात्रेबद्दल मी त्यांना एकच सांगते. ‘फिफ्टीन’ म्हणून थांबू नका, पुढे ‘वन फाइव्ह’ म्हणा. उच्चार कितीही सुधारला तरी म्हणा. जिथे चूक जिवावर बेतते तिथे जगाने उच्चारावर भरवसा ठेवलेलाच नाही. 2001 साली मंजूर झालेल्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय ठराविक वाक्यांत आकडे एकेक करून सांगायचे असतात. विमानांच्या रेडिओवर तर ‘थ्री’ला अधिकृतपणे ‘ट्री’ म्हणायचं, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’, ‘नाइन’ला ‘नाइनर’ आणि ‘थाउजंड’ला ‘टाउजंड’. ज्या ‘ट्री’साठी कुठल्याही वर्गात मुलाला उभं केलं असतं तो उच्चार आकाशात नियमाने पाळतात, कारण तिथे प्रश्न शोभेचा नसून कळण्याचा आहे. मर्चंट नेव्हीत गेलेल्या रत्नागिरीच्या एका विद्यार्थ्याने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पुस्तक उघडून खात्री करून घेतली.

माझी एक विद्यार्थिनी यॉर्कशरकडे गेली. पहिल्या आठवड्यात तिचा व्हॉइस मेसेज आला, रडवेला. “मॅडम, तुम्ही शिकवलेलं इंग्रजी इथे कुणीच बोलत नाही!” आजोबा पेशंट म्हणतात मी ‘पूर्ली’ आहे. ही गरिबीबद्दल काहीतरी समजली. त्यांना म्हणायचं होतं, मला बरं वाटत नाही. ‘बटर’मधला ‘ट’ गिळलेला, ‘बस’चं ‘बुस’. मी तिला म्हटलं, तू कोल्हापूरची, तुझ्या बोलण्यातलं विदर्भातल्या माणसाला सगळं कळतं का? दोन महिन्यांनी तिचा दुसरा मेसेज आला. तोपर्यंत ती स्वतः ‘लव्ह’ लावून बोलायला लागली होती, तिकडचे दुकानदार लावतात तसं.

आता बोलता बोलता उच्चार बदलून देणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. इकडून मराठी वळणाचं इंग्रजी आत जातं, तिकडे अमेरिकन बाहेर पडतं. माझा धंदा किती दिवसांचा ते मला माहीत नाही. एवढं खरं की आघात चुकलेला शब्द यंत्रालाही आधी ओळखावा लागतो. दुसरीकडे तिसरीतल्या मुलांचे आईवडील येतात, अमेरिकन ॲक्सेंट हवा म्हणतात. त्यांना मी चहा देते आणि परत पाठवते.

पहिल्या आठवड्यात मी हल्ली रबर, आरसा आणि टिश्यूची पट्टी, एवढंच घेते. मुकी अक्षरं तिसऱ्या आठवड्यात. परकी नावं आणि खाण्याचे पदार्थ सगळ्यात शेवटी, आणि नेमकं तेच शिकायला मुलं आलेली असतात. गेल्या बॅचने पिच्छाच पुरवला, पिझ्झा कधी शिकवणार? शेवटच्या दिवशी सांगितलं की तो ‘झ’ नाहीच, इटालियन माणूस तिथे जो आवाज काढतो तो आपल्या ‘चमचा’तला ‘च’. मराठी तोंडाला हा आवाज जन्मापासून येतो, शिकायचं काही नाही. मुलं खूश. संध्याकाळी सगळे मिळून खायला गेलो. एकाने काउंटरवर ऐटीत, आघात जागेवर ठेवून, चमच्याच्या ‘च’सकट ऑर्डर दिली. काउंटरवरच्या पोऱ्याने मेनूकार्ड वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “सर, पिच्चा नाहीये आपल्याकडे. पिझ्झा चालेल का?”